एका रुळातली फट

नातवाच्या खेळण्यातल्या आगगाडीची दोन्ही इंजिने एकदमच धावू लागत. एकाला साइडिंगवर उभे करावे, तर तेही निघे. पोरगा वैतागला. मला मात्र यामागचा इतिहास आठवला.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी 1920 साली काढलेली गाडी किल्लीची होती; प्रत्येक इंजिनाची शक्ती त्याच्या पोटात. 1938 साली त्यांच्या कंपनीची ‘हॉर्न्बी डब्लो’ आली, 12 व्होल्टवर चालणारी. शक्ती पोटातून रुळांत आली. तिचा मधला तिसरा रूळ 1959 साली गेला. वीज एका रुळातून येऊन दुसऱ्यातून परतू लागली. पण वीज इंजिन ओळखत नाही. रुळावर असेल ते चालणारच!

उपाय साधा. साइडिंगच्या एकाच रुळात फट ठेवायची, तिथे प्लॅस्टिकचा सांधा घालायचा, आणि फटीच्या दोन्ही बाजूंना तारा जोडून मध्ये बटण बसवायचे. बटण बंद की इंजिन उभे. पुढे डिजिटल पद्धतीत इंजिनांना क्रमांक मिळाले; ज्याला हुकूम, तेच हलते.

आम्ही बटणच बसवले. एक इंजिन धावले, दुसरे शांत उभे राहिले, आणि मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. वडील गेल्यावर तो गप्प झाला होता. मी रोज सर्वांबरोबर त्यालाही कविता म्हणायला उठवत राहिलो. चार दिवस त्याला बाजूला उभे राहू द्यायला हवे होते.