ओट्याची नगररचना : इंदूरमधील दोन प्रयोग

प्लेगच्या साथींनी इंदूर जर्जर झाले होते, त्या काळात होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना पाचारण केले. दाट वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढावेत, हा तत्कालीन अभियंत्यांचा रूढ उपाय होता. गेडीस यांना तो मान्य नव्हता. गल्लीबोळांतून पायी हिंडून त्यांनी शहर पाहिले. मोजकी मोडकळीस आलेली घरे तेवढी काढावीत, मिळालेल्या मोकळ्या जागेत झाडे लावावीत आणि उरलेली वस्ती आहे तेथेच नांदू द्यावी, असे त्यांचे मत होते. १९१७ च्या दिवाळीत त्यांच्या कल्पनेतून निघालेल्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती आणि शहराचे सफाई कामगार शुभ्र वस्त्रे व फुलांच्या माळा घालून मानाने चालत होते. जो भाग सर्वांत स्वच्छ, तेथूनच मिरवणूक जाणार, अशी अट घातल्याने लोकांनी आपापली आळी स्वतःच झाडून काढली. १९१८ मध्ये त्यांचा द्विखंडी अहवाल प्रसिद्ध झाला. झोपडीत राहणाऱ्यालाही आपल्या वस्तीविषयी काही कळते, हा त्यातील विचार मात्र पुढे बराच काळ मागे पडला.

त्याच शहरात सुमारे ६५ वर्षांनी तो विचार पुन्हा आकारास आला. १९८३ च्या सुमारास इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी व त्यांच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाने ‘अरण्य’ या नव्या वसाहतीचा आराखडा हाती घेतला. दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या एकत्र कुटुंबात झाला होता. पुढे पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. मात्र ‘अरण्य’चे धडे पॅरिसमध्ये मिळणारे नव्हते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील अभ्यासकांसह इंदूरच्या झोपडपट्ट्यांची बारकाईने मोजमापे घेण्यात आली. दारापुढचा ओटा (माळव्यात त्याला ‘ओटला’ म्हणतात), तेथेच चालणारे शिवणकाम, कोपऱ्यावरचे दुकान, पारासारखे उपयोगी पडणारे एखादे झाड, हे सारे नकाशावर उतरले. गरिबाचे घर भिंतीत संपत नाही. ते रस्त्यावर येऊन पुरे होते, हे त्या मोजमापांतून दिसले.

आराखड्यात हेच निरीक्षण उतरले. सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर ६,५०० घरे आणि ६०,००० लोकसंख्या अशी योजना होती. सुमारे ६५ टक्के भूखंड अत्यल्प उत्पन्न गटासाठी होते आणि त्यांतील लहानात लहान भूखंड ३५ चौरस मीटरांचा. पक्के घर बांधून देण्याऐवजी जोते, पाणी, वीज आणि शौचालय एवढीच पायाभूत सोय द्यावयाची. खोल्या कुटुंबाने ऐपतीप्रमाणे पुढे वाढवावयाच्या. शासकीय गृहनिर्माणात ही धिटाई दुर्मीळच म्हटली पाहिजे, कारण काटकोनी चाळींच्या रांगा उभ्या करणे कागदावर कितीतरी सोपे असते. सधनांचे मोठे भूखंड व बाजार हे महामार्गालगत आणि मधल्या मुख्य रस्त्याच्या कडेने ठेवले. त्यांच्या विक्रीतून मिळणाऱ्या नफ्याने गरिबांच्या सोयींचा भार उचलला. गरिबांना मात्र शहराच्या टोकाला न लोटता सहाही विभागांच्या मध्यभागी वसविले. घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओटे, जिने यांसाठी थोडी जागा राखली. वसाहतीत कसे बांधता येईल हे दाखविण्यासाठी दोशी यांनी ८० नमुना घरे उभारली. १९९५ मध्ये या प्रकल्पास आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

पुरस्काराने सारे प्रश्न सुटले नाहीत. वसाहत अपेक्षेहून मंदगतीने भरली आणि पायाभूत सोयींनी जमिनीचे मोल वाढताच काही मूळ लाभार्थ्यांनी भूखंड अधिक सधनांना विकले. ज्यांच्यासाठी मध्यभाग राखला होता, त्यांतील काहीजण पुन्हा कोठेतरी कडेला गेले असणार. एका गल्लीत निरनिराळ्या ऐपतीची माणसे एकत्र आणणे वास्तुकाराला साधले. त्यांना तेथे टिकवून धरणे नकाशाच्या आवाक्यातील नव्हते. मालकी हक्क, कर्ज आणि रोजगार यांची तजवीज आराखड्याइतक्याच काळजीने झाली असती, तर चित्र वेगळे दिसते.

दोशी यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. २४ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नमुना घरांतील अनेक घरे रहिवाशांनी इतकी वाढविली, रंगविली की मूळ आकृती शोधावी लागते. त्यांना स्वतःला त्याचे दुःख नव्हते. घराने कुटुंबाबरोबर बदलत जावे, ही तर त्यांच्या योजनेतीलच गोष्ट होती.