बाटलीतली खळ

टिश्यूकल्चर केळीची रोपं घ्यायला गेलो, तेव्हा प्रयोगशाळेतली एक बाटली हातात घेऊन पाहिली. तळाला दुधट, थुलथुलीत खळ आणि तीत बोटाएवढी केळ उभी. मातीचा कण नाही. तिथली पोरगी म्हणाली, "काका, हे अगार. समुद्रातल्या शेवाळाचं."

हे अगार प्रयोगशाळेत आलं ते एका बाईच्या चुलीवरून. 1881 साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडं वाल्टर हेस काम करायचे. जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरत, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचा चिकट रस. उन्हाळ्यात तो पातळ व्हायचा, शिवाय काही जंतू त्यालाच खाऊन पाणी करायचे. हेस यांनी बायकोला, फॅनीला विचारलं, तुझी जेली उन्हाळ्यात कशी टिकते? तिनं अगार सांगितलं. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या डच माणसांकडून तिला ते कळलं होतं. 1882 साली कॉख यांनी क्षयाच्या जंतूवर निबंध लिहिला. त्यात अगार आहे, फॅनी नाही. आमच्याकडं तरी बियाणं राखणारीचं नाव कुठं सातबाऱ्यावर असतं?

पुढं अगारचा मोठा पुरवठा जपानातून व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात तो तुटला आणि जगाची अडचण झाली.

खरं तर अशी खळ आपल्याकडंही आहे. इसबगोल पाण्यात फुगतो, सोनसावरीचा डिंक फुगतो, गवारीच्या बियांचं पीठ तर घोटभर पाण्यात घट्ट होतं. सगळ्या साखरेच्याच लांब साखळ्या. पाणी धरून ठेवतात, आणि मातीत पडल्या की तिथले जंतू त्या तोडून खातात. शेतात पुरलेल्या ठिबकच्या नळीसारख्या वर्षानुवर्षं उरत नाहीत. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तिन्ही डिंक अगारच्या जागी घालून रोपं वाढवून पाहिली. गवारीचं काम 2005 सालचं. वाढली रोपं. हेतू एवढाच, की अगार महाग, हे स्वस्त.

पण स्वस्त किती दिवस? अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढायला गवारीच्या पिठानं घट्ट केलेलं पाणी लागू लागलं. भाव एवढे भडकले, की मार्च 2012 मध्ये गवारीचा वायदेबाजार बंद करावा लागला. राजस्थानातल्या शेतकऱ्यानं पुढच्या हंगामात गवार वाढवली आणि भाव उतरले.

बाटलीतून काढलेल्या रोपाची मुळं आधी नीट धुतात. खळ चिकटून राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरते. तिला ती गोड लागते.