पट्टी वाचण्याआधी
(लेखाशास्त्र ‘मेजर’ घेतलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रस्तावना)

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या एका ट्रंकेत आजोबांच्या आंब्याच्या पट्ट्या अजून आहेत. पट्टी म्हणजे मुंबईच्या दलालाने धाडलेला विक्रीचा हिशोब. रत्नागिरीच्या मुलांना हे सांगायला नको, पण घाटावरून इथे शिकायला आलेल्यांसाठी सांगून ठेवते. आंबा तेव्हा क्रॉफर्ड मार्केटला जायचा, वाशी नंतरची. त्यातली एक पट्टी मला पाठ आहे, कारण तिच्यावरून घरात भांडण झाले होते. पेट्या पाठवल्या ५०. विकल्या ४६, चार डागी. भाव पेटीला ३००, विक्री १३,८०० रुपये. वजा कमिशन १,३८०. वजा हमाली-वाराई २२०. वजा उचल ५,०००. बाकी ७,२००, आणि खाली मुनिमाची न वाचता येणारी सही.

आजीचा हिशोब तोंडी आणि झटपट. फवारणी, राखण, काढणी, पेट्या, पेंढा, ट्रकचे भाडे मिळून ९,२०० गेले. हातात आले ७,२००. म्हणजे दोन हजारांचा तोटा. आजोबा म्हणत, तोटा कसला? गणपतीत दलालाकडून उचल घेतली होती, ती फिटली ना! त्यावर आजी म्हणे, ती केव्हाच खाऊन संपली, तिचे कौतुक आता कशाला? दोघांपैकी कोणी हरले नाही. जेवणे मात्र त्या दिवशी उशिरा झाली.

पुढे कॉलेजात ‘कन्साइनमेंट’चे प्रकरण आले. मराठी पुस्तकात त्याला प्रेषण म्हणतात. माल पाठवणारा तो प्रेषक, विकून देणारा प्रतिनिधी, आणि प्रतिनिधीने पाठवायचे ते ‘अकाउंट सेल्स’. सरांनी फळ्यावर त्याचा नमुना काढला आणि मी मनात म्हटले, अरे, ही तर पट्टी! उचल हे कर्ज होते. कर्ज घेतल्याने उत्पन्न वाढत नाही आणि फेडल्याने खर्च वाढत नाही. ती ओळ बाजूला ठेवली की विक्री १३,८००, त्यातून बाजारातला खर्च १,६०० वजा, उरले १२,२००, बागेचा खर्च ९,२००, नफा ३,०००. आजोबा बरोबर होते. (आजीचेही अगदीच चूक नव्हते, पण ते शेवटी.)

या विषयाकडे येणाऱ्या मुलांची एक समजूत मी दरवर्षी ऐकते: ‘माझे गणित चांगले आहे म्हणून अकाउंट्स घेतले,’ किंवा उलट, ‘गणित कच्चे आहे, जमेल का?’ दोघांनाही माझे उत्तर एकच. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे. तीही आता टॅली करून देते. इथे खरे काम ठरवण्याचे आहे. ही रक्कम कोणाची, कोणत्या वर्षाची आणि किती धरायची? या तीन प्रश्नांवर सगळे शास्त्र उभे आहे, आणि तिन्हींना पट्टीवर छापील उत्तर नसते.

त्या चार डागी पेट्याच घ्या. ५० पेट्यांचा खर्च ९,२००, म्हणजे पेटीमागे १८४. पण आंबा म्हटला की थोडा नासणारच. हे नेहमीचे नुकसान वेगळे दाखवायचे नाही. ते चांगल्या पेट्यांवर पसरायचे. ९,२०० भागिले ४६, म्हणजे पेटी २०० रुपयांना पडली. आता समजा ट्रक कशेडी घाटात उलटला आणि त्याच चार पेट्या चिरडल्या. पेट्या तेवढ्याच, पैसे तेवढेच. तरी आता त्या चार पेट्यांचे मूल्य बाजूला काढून थेट नफा-तोटा खात्यात न्यावे लागते. हा अपघात आहे, धंद्याची रीत नव्हे. अपघाताचा बोजा उरलेल्या आंब्यावर टाकला, तर तो आंबा आहे त्यापेक्षा महाग पडल्याचे दिसेल आणि पुढच्या वर्षीचा अंदाज चुकेल. मग नेहमीचे कुठे संपते आणि अपघात कुठे सुरू होतो? चार पेट्या नेहमीच्या, मग चौदा? याचे उत्तर कोष्टकात नाही. ज्याला आंबा कळतो आणि हिशोबही कळतो, त्यालाच ते देता येते. म्हणून बागायतदारांच्या मुलांनी आपण मागे आहोत असे समजू नये.

वर्षाचा प्रश्न तर कोकणात फारच मजेदार होतो. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. मोहोर सांभाळण्याचा, फवारण्यांचा, राखणीचा खर्च त्याआधी होऊन गेलेला असतो आणि बहुतेक आंबा उतरतो एप्रिल-मेमध्ये. म्हणजे ज्या रात्री वही बंद करायची, त्या रात्री वर्षभराची कमाई झाडावर लोंबत असते! खर्च गेल्या वर्षात टाकला आणि विक्री पुढच्या वर्षात धरली, तर एक साल उगाच भिकारी आणि दुसरे उगाच श्रीमंत. त्यात हापूसला वर्षाआड भरघोस धरायची खोड. उत्पन्नाशी त्याचाच खर्च जुळवायचा, हे तत्त्व पहिल्या सत्रात एका ओळीत सांगून होते. ते कशासाठी आहे हे समजायला ३१ मार्चला बागेत जाऊन उभे राहावे.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेली भारतीय लेखामानके हाच प्रश्न सोडवू पाहतात, आणि त्यांचे उत्तर सुंदर आहे. झाड वेगळे, फळ वेगळे. वर्षानुवर्षे फळ देणारे कलम हे कारखान्यातल्या यंत्रासारखे: मानक क्रमांक १६ खाली स्थिर मालमत्ता, त्यावर घसारा. झाडावर वाढत असलेले फळ मात्र मानक क्रमांक ४१ खाली जैविक मालमत्ता, आणि त्याची किंमत विक्रीखर्च वजा जाता बाजारभावाने धरायची. आंतरराष्ट्रीय मानकांत झाड आणि फळ यांची ही ताटातूट २०१४ साली झाली; त्याआधी दोन्ही एकाच नियमात बांधलेली होती. आपल्या आजोबांना हे मानक लागू नव्हते, तुमच्या वडिलांनाही नाही. पण बाग कराराने देताना कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे: फळ देतो, झाड देत नाही.

आता थोडे इतिहासाकडे. दुनोंदी पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा सविस्तर मांडली ती लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने, १४९४ साली व्हेनिसमध्ये. तो गणिती होता आणि लिओनार्दो दा विंचीचा मित्र. ही पद्धत त्याने शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी वापरत होते ती लिहून काढली. तिचे मर्म तुम्हाला पट्टीतच दिसेल. आजोबांच्या वहीत दलालाकडून ७,२०० येणे आहेत, तर दलालाच्या वहीत आजोबांचे ७,२०० देणे आहेत. एकच व्यवहार, दोन वह्या, आणि प्रत्येक वहीत पुन्हा दोन नोंदी. बँकेचा संदेश येतो, ‘आपल्या खात्यात रक्कम क्रेडिट झाली’, आणि मुले गोंधळतात, कारण वर्गात तर रोख आली की डेबिट करायला शिकवलेले असते. तो संदेश बँकेच्या वहीतून बोलतो आहे. तुमची शिल्लक हे बँकेचे देणे. एवढे नीट उमगले की अर्धे वर्ष सोपे जाते.

आपल्याकडेही हिशोबाची परंपरा दांडगी होती, आणि तिच्यातले एक मोठे घराणे याच जिल्ह्याचे. मंडणगड तालुक्यातले वेळास आता कासवांसाठी ओळखले जाते, पण ते नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. नाना (१७४२ ते १८००) मुत्सद्दी म्हणून इतिहासात गाजले. घराण्याकडे वंशपरंपरेने होते ते मात्र हिशोबाचे काम. फडणीस हा शब्द फारसी ‘फर्द-नवीस’वरून आला, फर्द म्हणजे यादीचा कागद आणि नवीस म्हणजे लिहिणारा. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात ‘चालते दफ्तर’ फडणिसाच्या हाताखाली असे आणि ‘एलबेरीज दफ्तरा’त निरनिराळ्या हिशोबांचे वर्गीकरण होई. मोडीतले ते रुमाल आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. ज्याच्या हाती जमाखर्च, त्याला राज्याचे दुखणे इतरांच्या आधी कळते. नानांच्या राजकारणाचे काही श्रेय मी त्यांच्या वह्यांना देते. इतिहासाचे प्राध्यापक यावर माझ्याशी भांडतात.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मजुमदाराचा अमात्य झाला. तरी हिशोबाची बोली बदलली नाही. जमा, खर्च, रोजकीर्द, तेरीज, शिल्लक हे शब्द आजही आपल्या तोंडात आहेत आणि बारावीच्या पुस्तकातही. पदवीला आलात की हेच इंग्रजीतून भेटतात आणि मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले पहिल्या महिन्यात गप्प होतात. त्यांना माझे सांगणे असे: जर्नल म्हणजे तुमची कीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. ‘बॅलन्स शीट’ नुसते तोललेले पान; ‘ताळेबंद’ म्हणजे ताळा पाहून बंद केलेली वही. मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. घरातली जुनी लाल बासनातली वही उघडलीत तर तिच्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असेल. इंग्रजी खतावणीत बाजू उलट. वही चुकलेली नाही, रीत वेगळी आहे.

भांडवल आणि उत्पन्न यांतला फरक शिकवताना मी वर्गाला थिबा राजवाड्याची आठवण देते. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. सरकारी तनखा पुरत नव्हता, कर्जे होत होती, आणि सोबत आणलेले जडजवाहीर विकून घर चालत होते. पैसा येतच होता, पण तो उत्पन्न नव्हता. पुंजी वितळत होती. रोकड वही पाहणाऱ्याला हे कळणार नाही. दोन सालांचे ताळेबंद शेजारी ठेवले तर लगेच कळेल.

शेवटच्या वर्षी लेखापरीक्षण येईल. तिथे मुले कंटाळतात, कारण आकडेमोड जवळपास नसते. त्यांनी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण वाचावे. ही बँक नफा दाखवत होती, तिचे लेखापरीक्षण होत होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येतील असे सांगितले. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती रचली होती, असे तपासात पुढे आले. बेरजा जुळत होत्या. बेरीज जुळणे आणि हिशोब खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची तेरीज पहिल्यांदा जुळेल तेव्हा होणाऱ्या आनंदात हे विसरायला होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात अपहाराचे ४० प्रकार मोजले आहेत. तेव्हा संगणक नव्हता.

नोकरीधंद्याबद्दल पालक विचारतात, म्हणून थोडक्यात. सनदी लेखापाल व्हायचे असेल तर वाणिज्य पदवीला ५५ टक्के मिळाले की थेट इंटरमीजिएटला बसता येते; आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे. ज्यांना जिल्ह्यातच राहायचे आहे त्यांनी सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. परीक्षेकडे दुर्लक्ष करू नये; पतसंस्था, सोसायट्या, मच्छीमार संस्था यांचे हिशोब तपासायला माणसे लागतातच. मिरकरवाड्याच्या बोटीवर डिझेल-बर्फ वजा जाता मालक, तांडेल आणि खलाशी यांचे वाटे कसे पडतात हे ज्याला मांडता येते, त्याला भागीदारीचे प्रकरण घोकावे लागत नाही.

पहिल्या तासाला पुस्तक आणले नाही तरी चालेल. घरातला एखादा हिशोबाचा कागद आणा: पट्टी, बचतगटाची वही, दुकानाची उधारीची डायरी, काहीही. नावे झाकून आणा, दुसऱ्याची देणीघेणी वर्गात उघडी करायची नाहीत. हा या पेशाचा पहिला नियम आहे.

आणि आजीचे राहिले. तिने ते साल शेवटपर्यंत तोट्याचेच धरले. पुढे तुम्ही रोख प्रवाहाचे विवरणपत्र शिकाल. त्यात हीच पट्टी मांडून पाहा: धंद्यातून आले ३,०००, कर्जफेडीला गेले ५,०००, घरातली रोकड घटली २,०००. बरोबर तेवढीच, जेवढी ती पदराला हात पुसत म्हणाली होती.