रामकुंडावरची नामावळी

शके १८४०, माघ महिना. इंग्रजी हिशेबानं फेब्रुवारी १९१९. नाशिकला रामकुंडावर भावाच्या अस्थी विसर्जून तुम्ही ओल्या धोतरानं पायऱ्या चढताय. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ ओसरून थोडेच महिने झालेत. घाटावर तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

"आडनाव काय आपलं? मूळ गाव?"

एवढ्यावर तीर्थोपाध्ये तुम्हाला घरी नेतात आणि कापडात बांधलेल्या वह्यांतून नेमकी एक काढतात. पानं उलटतात, थांबतात, मोडी वाचू लागतात. तुमचे आजोबा, त्यांचे भाऊ, पुतणे, कोण कोणाचा. खाली आजोबांची सही. त्यांचं अक्षर तुम्ही आज पहिल्यांदा पाहताय.

ज्यांच्या वहीत पूर्वजांचा लेख, ते तुमचे उपाध्ये. दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर हेच पान पुढे करायचं. म्हणून या घरात भाऊ वेगळे झाले की जमिनीसारख्या वह्यांचीही वाटणी होते.

आता उपाध्ये कोऱ्या पानावर आधी आडवी रेघ ओढतात, मग बोरूनं तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. "सांगा." तुम्ही भाऊ, चुलतभाऊ, मुलं सांगता.

"थोरले बंधू?"

"साथीत गेले."

"त्यांना मुलगा?"

आहे, लहान आहे. बापाच्या नावापुढे त्याचं नाव लागतं आणि बोरू तुमच्या हातात येतो. वंशावळीच्या कागदांत मला या वह्यांचं मोल सगळ्यात जास्त वाटतं ते या सहीमुळे. घरातलाच माणूस समोर बसून नावं सांगतो आणि खाली स्वतःच्या हातानं लिहून देतो.

तुम्ही मागची पानं चाळता. आगगाडीच्या आधीची, पायी किंवा बैलगाडीनं आलेल्यांची. दोन नोंदींमध्ये कधी तीस-चाळीस वर्षांचं अंतर. मधल्या काळात घरातून कुणी आलंच नाही. मग जो आला त्यानं आठवतील तेवढी माणसं एका बैठकीत सांगितली. जी लहानपणीच गेली, ज्यांचा विषय घरात निघत नव्हता, ती तिथंच सुटली. दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी यांतलं काय आड आलं, ते वहीत लिहिलेलं नसतं. तरी ते अंतर वाचायलाच हवं.

"आणि आमच्या आत्याबाई?" तुम्ही विचारता.

"त्या इथं कशा मिळतील? दिल्या घरच्या वहीत पाहायचं. तिथंही माहेरच्या नावानं नाही. सासरी ठेवलेलं नाव लागेल, आणि गाव."

तुम्हाला दोन्ही ठाऊक नाही. भाऊ होता तोवर विचारायची वेळ आली नव्हती.

"मग आधी घरी पत्र टाका," उपाध्ये म्हणतात, "थोरल्या वहिनींना माहीत असेल. गाव कळलं की ते कुणाकडे आहे, मी सांगतो."