श्वानांच्या आज्ञापालन स्पर्धा : शिस्त कुत्र्याची, कसोटी माणसाची

सातारा शहराजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या माहुलीत मंदिरे आणि समाध्यांच्या बरोबरीने एका कुत्र्याचे स्मारकही आहे. हा कुत्रा छत्रपती शाहू महाराजांचा. शिकारीच्या वेळी त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले आणि त्याबद्दल महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, अशी परंपरागत आख्यायिका आहे. श्वानाच्या इमानाचे कौतुक या परिसराला नवे नाही. मात्र इमान आणि आज्ञापालन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धन्यासाठी जीव धोक्यात घालणारा कुत्रा 'ये' म्हटल्यावर येईलच, याची खात्री नसते. इमान त्याच्या स्वभावातच असते. आज्ञापालन मात्र शिकवावे लागते आणि ते शिकवण्यासाठी आधी माणसाला शिकावे लागते. श्वानांच्या आज्ञापालन स्पर्धांमध्ये याच शिकवणुकीची परीक्षा होते.

सौंदर्यस्पर्धा नव्हे

श्वान प्रदर्शन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केस विंचरून, ऐटीत रिंगणात फिरणारे कुत्रे येतात. तेथे परीक्षक कुत्र्याची बांधणी, चाल, दात, कातडी आणि जातीची लक्षणे पाहतात. आज्ञापालन स्पर्धेत यातील कशालाही गुण नसतात. कुत्रा काय करतो, किती तत्परतेने करतो आणि किती आनंदाने करतो, एवढेच पाहिले जाते. भारतात श्वानांच्या जातींची नोंदणी करणारी प्रमुख संस्था म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. तिच्याशी संलग्न असलेल्या क्लबांच्या प्रदर्शनांमध्ये सौंदर्यस्पर्धेबरोबर आज्ञापालनाच्या चाचण्याही घेतल्या जातात. तरीही त्यांच्याकडे येणारी गर्दी तुलनेने कमी असते. याचे कारण उघड आहे. देखणे पिल्लू विकत घेता येते, आज्ञा पाळणारा कुत्रा मात्र महिनोन् महिने मेहनत करून घडवावा लागतो.

सुरुवात कशी झाली?

या स्पर्धांना आजचे रूप मिळाले ते अमेरिकेत. हेलन व्हाइटहाउस वॉकर या महिलेकडे पूडल जातीचे कुत्रे होते. पूडल म्हणजे केवळ शोभेचा कुत्रा, अशी टीका तिला ऐकावी लागे. हा समज खोडून काढण्यासाठी तिने १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. कल्पना लोकांना आवडली आणि १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या स्पर्धांना मान्यता देऊन नियम ठरवले. युरोपात पोलीस आणि लष्करी श्वानांच्या प्रशिक्षणाची परंपरा त्याआधीच रुजली होती. जर्मनीतील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचे श्वानप्रशिक्षणावरील पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या काळातील प्रशिक्षणात धाक आणि शिक्षेला मोठे स्थान होते. हा भाग पुढे बराच बदलला.

रिंगणात काय करावे लागते?

देशोदेशीचे नियम थोडेफार वेगळे असले तरी मूळ धडे सारखेच आहेत. प्राथमिक गटात कुत्र्याने हँडलरच्या, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या व्यक्तीच्या, डाव्या पायाशी राहून चालायचे असते. हँडलर थांबला की त्याने आपण होऊन बसायचे. वेग वाढला किंवा कमी झाला, वळण आले, तरी त्याचे खांदे हँडलरच्या पायाशी समांतर राहिले पाहिजेत. हेच पुढे पट्ट्याशिवायही करून दाखवावे लागते. अनोळखी परीक्षक अंगाला हात लावत असताना स्थिर उभे राहणे, लांबून हाक येताच सरळ धावत येऊन समोर बसणे आणि ठरलेल्या वेळेपर्यंत जागा न सोडणे, हे या गटातील अन्य धडे होत.

पुढच्या गटात लाकडी डंबेल आणून देणे, अडथळ्यावरून उडी मारणे आणि धावत येत असताना मध्येच आज्ञा मिळताच जमिनीवर पडून राहणे यांचा समावेश होतो. सर्वांत वरच्या गटात तोंडी आज्ञेऐवजी केवळ हाताच्या खुणांवर काम करावे लागते. एकसारख्या दिसणाऱ्या अनेक वस्तूंमधून हँडलरच्या हाताचा वास असलेली नेमकी वस्तू हुडकून आणणे ही या गटातील गाजलेली चाचणी.

अमेरिकन पद्धतीत एकूण गुण २०० असतात. उत्तीर्ण होण्यासाठी किमान १७० गुण तर लागतातच. शिवाय प्रत्येक धड्यात निम्म्याहून अधिक गुण मिळवावे लागतात. एका धड्यातील अपयश दुसऱ्यातील चमकदार कामगिरीने भरून निघत नाही. असे यश तीनदा मिळाले तरच किताब मिळतो. एखाद्या दिवशी नशिबाने साथ दिली म्हणून किताब पदरात पडू नये, हा यामागील हेतू.

या पद्धतीत रिंगणात खाऊ किंवा खेळणे नेता येत नाही. आज्ञा दुसऱ्यांदा दिली तर गुण जातात. कुत्र्याला हिसका दिला किंवा त्याच्यावर हात उगारला, तर बाहेरचा रस्ता दाखवला जाऊ शकतो. शेपूट पायांत घालून, दबकत काम करणारा कुत्रा परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. थोडक्यात, घरी काय चालते ते रिंगणात दिसतेच.

शिकवण्याचे गणित

आठ आठवड्यांचे पिल्लू नव्या घरी आले की शिक्षण सुरू करता येते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीत सर्वांत महत्त्वाचा असतो. या काळात माणसे, आवाज, वाहने आणि वेगवेगळ्या जागा यांची भीतीविना ओळख झालेले पिल्लू पुढे गोंगाटाच्या रिंगणातही बिचकत नाही. लसीकरण पूर्ण होण्यापूर्वी मात्र ही ओळख पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, भटक्या कुत्र्यांचा वावर नसलेल्या जागी करून द्यावी लागते.

प्रशिक्षणाचा पाया साधा आहे. ज्या कृतीचे फळ चांगले मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो. खाऊचा तुकडा नाकासमोरून हळूहळू वर नेला की पिल्लाची मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप टेकतो. त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून खाऊ द्यायचा. बक्षीस काही सेकंद उशिरा मिळाले, तर तोवर पिल्लू उठलेले असते आणि शाबासकी उठण्याला मिळते. नवशिके हँडलर सर्वाधिक चुकतात ते येथेच.

दुसरी चूक भाषेची. आजी 'बस' म्हणते, वडील 'सिट' म्हणतात आणि नातू 'खाली बस ना रे' अशी विनवणी करतो. कुत्र्याला मराठी किंवा इंग्रजी कळत नाही. त्याला ठरावीक ध्वनी कळतो. त्यामुळे भाषा कोणतीही चालते, पण एका कृतीला घरातील सर्वांचा शब्द एकच हवा. तीच आज्ञा चार वेळा उच्चारली, तर चौथ्या वेळी बसायचे असते, असेच कुत्रा शिकतो.

तिसरी चूक अधिक महागात पडते. बोलावूनही न आलेला कुत्रा दहा मिनिटांनी जवळ आला की त्याला रागावले जाते. न येण्याबद्दल ही शिक्षा आहे, असे माणसाला वाटते. कुत्र्याच्या लेखी मात्र ती येण्याबद्दलची असते. पुढच्या वेळी तो आणखी दूर राहतो.

घरात शिकलेला धडा कुत्र्याला मैदानावर आठवेलच असे नाही. 'दिवाणखान्यातील सतरंजीवर बसणे' एवढेच तो शिकलेला असतो. म्हणून प्रत्येक धडा जागा बदलून, अंतर वाढवून, वेळ वाढवून आणि आजूबाजूची वर्दळ वाढवत पुन्हा शिकवावा लागतो. हे सर्व एकाच वेळी वाढवू नये, हे पथ्य अनुभवी प्रशिक्षक कटाक्षाने पाळतात. धडा पक्का होत गेला की खाऊ दर वेळी न देता अधूनमधून द्यायचा. केव्हा मिळेल हे ठाऊक नसल्याने कुत्र्याची उमेद टिकते आणि रिंगणात रिकाम्या हातांनीही तो काम करतो. सराव दिवसातून दोन-तीनदा, पाच ते दहा मिनिटांचा पुरतो. उन्हाळ्यात तो पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच घ्यावा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही आणि तापलेल्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात.

जात हुशार की शिकवणारा?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोरेन यांनी आज्ञापालन स्पर्धांच्या सुमारे २०० परीक्षकांची मते घेऊन १९९४ मध्ये श्वानजातींची क्रमवारी प्रसिद्ध केली. बॉर्डर कोली पहिला, पूडल दुसरा आणि जर्मन शेफर्ड तिसरा आला. अफगाण हाउंड तळाला गेला. ही यादी 'हुशार कुत्र्यांची यादी' म्हणून जगभर गाजली. वास्तविक तिच्यात मोजली गेली होती ती माणसाच्या आज्ञेवर काम करण्याची वृत्ती. मेंढ्या वळणारा कुत्रा पिढ्यान् पिढ्या धनगराच्या शिट्टीकडे कान लावून राहिला. नजरेने सावज हेरून धावणाऱ्या शिकारी कुत्र्याला मात्र धन्यापासून दूर, स्वतःच्या निर्णयाने काम करावे लागले. तो मागे वळून पाहत नाही, ही त्याची मंदबुद्धी नव्हे; ते त्याचे कसब आहे.

सांगली-सोलापूरचा दुष्काळी टापू आणि त्याला लागून असलेला उत्तर कर्नाटक येथील कारवानी कुत्रा याच वर्गातला. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या कुत्र्यांचे संवर्धन केल्याने तो मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये श्वानांवर काढलेल्या टपाल तिकिटांत त्याला स्थान मिळाले आणि २०१६ मध्ये लष्कराने या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आल्यानंतर सशाची शिकार बेकायदा ठरली आणि कारवानीचे परंपरागत काम संपले. वेग आणि नजर मात्र शाबूत राहिली. अशा कुत्र्याला शिकवताना धडे लहान ठेवावे लागतात, एकच गोष्ट घोटून घेणे टाळावे लागते आणि बोलावल्यावर येण्याचा धडा लांब दोरी लावून, अतिशय चिकाटीने पक्का करावा लागतो. जर्मन शेफर्डसाठी आखलेली पद्धत त्याला जशीच्या तशी लावली की तो 'ऐकत नाही' असा शिक्का बसतो आणि अखेर त्याच्या वाट्याला साखळी येते.

गावठी कुत्र्याविषयीही असाच गैरसमज आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणतेही प्रशिक्षण न मिळालेल्या भटक्या कुत्र्यांना माणसाने बोटाने दाखवलेली दिशा समजते का, हे तपासले. जवळपास निम्मे कुत्रे माणसाला बिचकून पुढेच आले नाहीत. परंतु जे आले त्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी खुणेप्रमाणे भांडे निवडले. अमेरिकन केनेल क्लबनेही २०१० पासून मिश्र जातीच्या कुत्र्यांना आज्ञापालन स्पर्धांची दारे खुली केली.

स्पर्धेपलीकडचे मोल

आज्ञापालन हा केवळ हौसेचा विषय नाही. राज्यात पोलीस श्वानांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यातील शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाचे केंद्र ओळखले जाते. पोलीस श्वान माग काढणारा असो वा स्फोटके हुंगणारा, आज्ञापालन हाच त्याच्या शिक्षणाचा पाया असतो. मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेनंतर आरडीएक्सचे साठे शोधून काढणारा 'झंजीर' हा लॅब्रॅडॉर याच केंद्रात तयार झाला होता. त्याच्या कारकिर्दीत ३,३२९ किलो आरडीएक्स सापडल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. स्फोटकांजवळ पोहोचलेल्या श्वानाने 'बस' म्हणताच बसणे, वस्तूला पंजा न लावणे, यावर त्याचे आणि हँडलरचे प्राण अवलंबून असतात. तेथे गुण कापले जात नाहीत. तेथे चुकीला माफी नसते.

शहरातील घरातही धोका वेगळ्या रूपात असतोच. दार उघडताच रस्त्यावर धावणारा, जिन्यात लहान मुलाच्या अंगावर झेपावणारा कुत्रा सोसायटीत वादाचे कारण ठरतो. त्यावर काढला जाणारा सोपा उपाय म्हणजे त्याला दिवसभर बांधून ठेवणे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हाच आहे. शिवाय बांधलेला कुत्रा शांत होत नाही. साठलेली ऊर्जा भुंकण्यातून आणि चावण्यातून बाहेर पडते. बस, थांब, ये आणि बाजूला चाल, ही चार कामे शंभर टक्के करणाऱ्या कुत्र्याला साखळीची गरज क्वचितच पडते.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण मराठीत आहे. शेपटापुरती ती खरी आहे. कुत्र्याच्या वागण्याच्या बाबतीत मात्र तिचा आधार घेणारा बहुधा स्वतःचा आळस झाकत असतो. कुत्रा ऐकत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाला जाणकार प्रशिक्षक म्हणूनच आधी विचारतात : तुम्ही त्याला नेमके काय सांगितले, किती वेळा सांगितले आणि त्याने ऐकले तेव्हा काय केलेत? या तीन प्रश्नांची उत्तरे सापडली की अर्धे प्रशिक्षण पूर्ण झालेले असते.