ओकिनावातल्या बायकांची यादी

माझं रोजचं काम डेटा साफ करण्याचं. रकाना रिकामा दिसला की मी बहुतेक वेळा दोनांपैकी एक काहीतरी करतो: अंदाजे किंमत भरतो, नाहीतर ती ओळच उडवून टाकतो. ओकिनावातल्या बायकांनी केलेल्या एका यादीबद्दल वाचलं आणि या सवयीची जराशी लाज वाटली.

ओकिनावा म्हणजे जपानच्या दक्षिणेची बेटं. क्षेत्रफळ देशाच्या ०.६ टक्के, पण जपानमध्ये फक्त अमेरिकी लष्कराच्या वापरात असलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन इथली. १९७२ पर्यंत तर इथे राज्यच अमेरिकेचं होतं. व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला बी-५२ विमानं इथल्याच कादेना तळावरून उडायची.

४ सप्टेंबर १९९५ ला तीन अमेरिकी सैनिकांनी भाड्याची गाडी घेतली, १२ वर्षांच्या एका मुलीला रस्त्यातून पळवलं आणि तिच्यावर बलात्कार केला. त्याच दिवसांत बीजिंगमध्ये संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद भरली होती आणि ओकिनावाच्या बऱ्याच जणी तिथे गेल्या होत्या, त्याही लष्करी हिंसेबद्दलच बोलायला. घरी परतल्यावर त्यांच्यापुढे ही बातमी. नाहा शहराच्या नगरसेविका सुझुयो ताकाझातो त्यांच्यातल्याच. त्याआधी त्या महिला समुपदेशक होत्या. तळांभोवतीच्या वस्त्यांत शरीर विकून जगलेल्या बायकांच्या कहाण्या त्यांनी वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या.

२१ ऑक्टोबरला गिनोवानमध्ये सुमारे ८५,००० माणसं जमली. (हा आकडा वाचून थांबलो. बेटांची सगळी लोकसंख्याच तेव्हा १२-१३ लाख.) पुढच्याच महिन्यात पॅसिफिकमधल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख ॲडमिरल रिचर्ड मॅकी पत्रकारांना म्हणाले की गाडीच्या भाड्याच्या पैशांत त्यांना एखादी मुलगी मिळाली असती. नोकरी गेली त्यांची. पण मला वाटतं, ताकाझातो जे सांगत होत्या ते या गृहस्थांनी एका वाक्यात सिद्ध करून दिलं. त्यांचं म्हणणं असं, की तळावर माणसाला मारायला शिकवतात, समोरच्याला तुच्छ मानायला शिकवतात, आणि ते शिक्षण कुंपणाच्या आत राहत नाही.

तळविरोधी चळवळ ओकिनावात जुनीच. पण तिची भाषा मुख्यतः जमिनीची, विमानांच्या आवाजाची, करारांची. बलात्कार हा त्यात वाईट प्रसंग म्हणून यायचा. ताकाझातो आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९९५ च्या नोव्हेंबरात आपली वेगळी संघटना काढली, धरणं धरलं, फेब्रुवारीत थेट अमेरिकेत जाऊन तिथल्या लोकांना गाठलं. आणि यादी करायला घेतली.

यादी १९४५ पासून सुरू होते, फौजा बेटावर उतरल्या तेव्हापासून. जुनी वर्तमानपत्रं, सरकारी कागद, गावांचे इतिहास, म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी, जिथून मिळेल तिथून एकेक नोंद. १९५५ ची सहा वर्षांची मुलगी त्यात आहे. कित्येक नोंदींत आरोपीचं पुढे काय झालं याची माहितीच नाही. तरीही नोंद काढलेली नाही. रकाना रिकामा का आहे, हीच तर तिथे माहिती आहे: तक्रार करायची कुणाकडे, जेव्हा पोलीसही त्यांचे आणि कोर्टही त्यांचं?

१९७२ नंतर ओकिनावा जपानकडे आलं, पण करार असा की संशयित सैनिक तळावर असेल तर आरोपपत्र दाखल होईपर्यंत तो अमेरिकेच्याच ताब्यात राहणार. १९९५ नंतर यात एवढाच बदल झाला की खून-बलात्काराच्या प्रकरणांत आधी ताबा देण्याचा अमेरिका 'सहानुभूतीनं विचार' करेल. दाट वस्तीतला फुतेन्मा तळ पाच ते सात वर्षांत परत द्यायचं १९९६ मध्ये ठरलं. तो अजून तिथेच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या सैनिकावर आरोपपत्र दाखल झालं. ओकिनावाच्या प्रांतिक सरकारला हे कळलं जूनमध्ये, तेही बातम्यांमुळे.