ओझोनच्या हिशेबात सापडलेली धूळ

आज कुठल्याही जिल्ह्याच्या हवेत पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण किती, याचा अंदाज उपग्रहांच्या आधारे काढता येतो. या विद्येचं कूळ शोधत मागे गेलं, की हवेच्या प्रदूषणाशी काहीच देणंघेणं नसलेली माणसं भेटतात. कुणी समुद्राचं तापमान मोजत होतं, कुणी पिकं-जंगलं टिपत होतं, कुणी ओझोन. हवेतले कण या सगळ्यांच्या कामात आडवे येत आणि ते आकड्यांतून काढून टाकण्यातच त्यांची निम्मी मेहनत खर्च होई. १९८२ मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन आणि १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो हे ज्वालामुखी फुटले, तेव्हा वातावरणात उंचावर पसरलेल्या कणांमुळे उपग्रहाला समुद्र होता त्याहून गार दिसू लागला.

समुद्रावरचे कण मोजणं त्या मानाने सोपं. पाणी वरून काळपट दिसतं, त्यामुळे जास्तीचा उजेड परत आला तर तो हवेतल्या कणांवरून आला असं धरता येतं. १९७२ च्या पहिल्या लँडसॅटची माहिती वापरून असे प्रयत्न झालेही होते. खरं अवघड होतं ते जमिनीवरचं, कारण जमीन स्वतःच उजळ असते आणि ती जागोजागी वेगळी दिसते.

ही कोंडी फुटली ती ओझोनच्या हिशेबात. ऑक्टोबर १९७८ मध्ये नासाने निम्बस-७ हा उपग्रह सोडला. त्यावरचं टॉम्स नावाचं उपकरण पृथ्वीवरून परत येणारे अतिनील किरण मोजायचं. यातल्या काही तरंगलांबी ओझोन शोषून घेतो, काहींना तो जवळजवळ हातही लावत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या किरणांवरून खालच्या जमिनीची आणि ढगांची चमक काढायची, ती ओझोनच्या गणितात घालायची, अशी रीत होती. एका तरंगलांबीवरून दुसरीवर किती उजेड यायला हवा याचं गणित मांडता येतं. ते प्रत्यक्ष मोजणीशी ताडलं, की बाकी शून्याच्या आसपास उरायला हवी. काही ठिकाणी ती उरत नव्हती. नकाशावर मांडल्यावर त्या जागा ओळखू आल्या: सहारातून अटलांटिकवर निघालेला धुळीचा पट्टा, ॲमेझॉन आणि आफ्रिकेत जंगल-गवत पेटवण्याच्या हंगामातला धूर. हे कण अतिनील किरण गिळत होते. वाळवंटसुद्धा अतिनील प्रकाशात काळपट दिसतं, म्हणून जमिनीची अडचण इथे आपोआप टळली. जे हर्मन, क्रिस्टिना सू, ओमर टोरेस या नासाच्या गोडार्ड केंद्राशी जोडलेल्या शास्त्रज्ञांनी १९९६-९७ च्या सुमारास हे मांडलं.

मला या घटनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की जुनी मोजणी कुणी टाकून दिली नव्हती. त्यामुळे १९७८ पासूनचा धुळीचा इतिहास एकदम हाती आला. जोसेफ प्रॉस्पेरो १९६० च्या दशकापासून कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर सहाराची धूळ गोळा करत होते. टॉम्सच्या याच नोंदी घेऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जगातली धुळीची उगमस्थानं दाखवली. चाड देशातला बोडेले हा आटलेल्या सरोवराचा खोलगट भाग त्यातला एक ठळक.

पण टॉम्सला जमिनीलगतचे कण नीट दिसत नसत, आणि शहरांवरचे फिकट सल्फेटचे कण तर जवळजवळ नाहीच. तिथे योराम कॉफमन यांची युक्ती कामी आली. दाट हिरवळ लाल आणि निळा प्रकाश शोषते, म्हणून वरून गडद दिसते. धुराचे बारीक कण २.१ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशाला फारसे अडवत नाहीत, त्यामुळे त्या प्रकाशात धुरातूनही जमीन स्पष्ट दिसते. तिथल्या चमकेवरून लाल-निळ्या प्रकाशात जमीन किती उजळ असेल ते ठरवायचं आणि त्याहून जास्त जे येईल ते कणांच्या नावावर मांडायचं. डिसेंबर १९९९ मध्ये सुटलेल्या टेरा उपग्रहावर मोडिस उपकरण होतं, त्यात हे गणित बसवलं गेलं. दहा किलोमीटरच्या चौकोनात अर्ध्या किलोमीटरचे चारशे तुकडे. आधी ढगाळ तुकडे बाजूला काढायचे, उरलेल्यांपैकी सर्वांत उजळ निम्मे आणि सर्वांत गडद वीस टक्के वगळायचे, राहतील त्यांवर मोजणी. तांदूळ निवडावेत तशी ही निवड.

वरून काढलेलं उत्तर बरोबर की चूक, हे खालूनच ठरतं. थेट सूर्याकडे रोखलेले फोटोमीटर जगभर बसवून ब्रेंट होल्बेन यांनी एरोनेट हे जाळं उभं केलं. कानपूरच्या आयआयटीत ते २००१ पासून आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २००४ पासून.

तरीही उपग्रह सांगतो तो जमिनीपासून आकाशापर्यंतच्या सगळ्या कणांचा एकत्रित हिशेब, आणि आपल्याला हवे असतात नाकाच्या उंचीवरचे. दमट हवेत कण फुगतात, हिवाळ्यात ते खाली दबून राहतात. २००३ मध्ये जुन वांग आणि सुंदर ख्रिस्तोफर यांनी अमेरिकेतल्या अलाबामातल्या एका काउंटीतली सात केंद्रं घेऊन उपग्रहाच्या आणि जमिनीवरच्या आकड्यांचं नातं तपासलं आणि ते बरंच जुळलं. पुढे कॅनडात आरोन व्हान डोन्केलार आणि रँडल मार्टिन यांनी वातावरणाच्या संगणकीय प्रारूपाची जोड देऊन २०१० मध्ये पीएम २.५ चा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. ज्या देशांत केंद्रांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांनाही पहिल्यांदा आकडा मिळाला.

आपल्याकडे याचं महत्त्व आणखी आधी दिसलं होतं. टेरावरच्याच मिसर या नऊ कॅमेऱ्यांच्या उपकरणाच्या नोंदी पाहून लॅरी डी गिरोलामो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हिवाळ्यात बिहारवर साचणारा प्रदूषणाचा दाट थर दाखवला. तोवर बोलबाला दिल्लीचा. बिहारच्या खेड्यांतल्या चुलींपाशी बसणाऱ्या बायकांची हवा कुणाच्या बातमीत नव्हती. माझ्या मते उपग्रहाचं खरं ऋण हे आहे: जिथे यंत्र बसवावं असं कुणाला वाटलं नाही, तिथलीही नोंद होते.

मात्र ही नोंद रोज होत नाही. पावसाळ्यात कोकणापासून विदर्भापर्यंत ढगांखाली काही दिसत नाही. गंगेच्या खोऱ्यात तर धुरकं फार दाटलं की गणित त्यालाच ढग समजतं आणि तो तुकडा वगळतं. म्हणजे सर्वांत वाईट दिवसच सरासरीतून गळण्याचा धोका असतो. सुधारित गणितं असे तुकडे वाचवू पाहतात आणि इन्सॅट-३डीसारखे एकाच जागी स्थिर दिसणारे उपग्रह दिवसभरात अनेकदा बघतात, पण गळती पुरती थांबलेली नाही. तोवर जिल्ह्याच्या वार्षिक सरासरीसोबत ती वर्षातल्या किती दिवसांच्या मोजणीवरून काढली, हेही छापायला हवं, आणि ज्या जिल्ह्यात ते दिवस थोडे भरतील तिथे जमिनीवरचं केंद्र आधी उभं राहायला हवं.